गळतंय का, आई?

झाकणराव कधी बाहेरगावी गेले की त्यांच्या घरात चहा बिनसाखरेचा व्हायचा. साखर असायची, पण ती बरणीत असायची आणि बरणीचं झाकण झाकणरावांनी लावलेलं असायचं. मग त्यांची बायको बरणी काखोटीला मारून शेजारी जायची. शेजारचे मास्तर फडकं गुंडाळून, दातओठ खाऊन ते झाकण फिरवायचे. आणि सासूबाई, म्हणजे बायकोच्या आई, ज्या यांच्याकडेच राहायच्या, दारातून ओरडायच्या, "मास्तर, जपून हो! मागच्या वेळी मनगट लचकलं होतं तुमचं!"

आता यात झाकणरावांचा तरी काय दोष? औषधाच्या कारखान्यात बाटल्यांची सीलं तपासायच्या विभागाचे ते प्रमुख होते. सिरपची बाटली टिपकागदावर उलटी ठेवायची आणि कागदावर एक जरी थेंब दिसला तरी अख्खी पेटी परत पाठवायची, हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की हाताला तेच वळण पडलं होतं. त्यांनी बंद केलेला नळ उघडायला पान्हा लागायचा. त्यांनी बांधलेली पिशवीची गाठ कात्रीशिवाय सुटायची नाही. झाकणराव हे नाव कारखान्यात पडलं आणि आपल्या पायांनी चालत घरी आलं. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. "बंद म्हणजे बंद," असं ते म्हणायचे आणि विषयही तिथेच बंद करायचे.

तोंडाचंही तसंच होतं. मध्यंतरी कारखान्याला टाळं लागलं आणि झाकणराव कितीतरी महिने घरी बसले. त्या दिवसांत घर चाललं ते बायकोच्या ओव्हनवर. आधी शेजारच्या वाढदिवसाचा केक, मग त्या शेजाऱ्याच्या मेहुणीचा, असं करत करत तिने संसार ओढून नेला. पहाटे उठून ती लोणी फेटायची, मनगटांवर ट्रेचे चटके मिरवायची, आणि वर नवऱ्याला विचारायची, "अहो, तुम्ही का असे गप्प? जेवलात ना?" झाकणरावांना रोज वाटायचं की हिला एकदा सांगावं, बाई गं, तू होतीस म्हणून निभावलं. पण ते वाक्य ओठांपर्यंत यायचं आणि तिथेच सील व्हायचं. पुढे कारखाना सुरू झाला, पगार सुरू झाला, आणि वाक्य आतल्या आत राहिलं ते राहिलंच.

अशात एक दिवस एका मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. त्यांच्या आईवडिलांच्या लग्नाचा मोठा वाढदिवस होता. मोठा हॉल, पुष्कळ पाहुणे आणि तीन मजली केक.

"वर साखरेची फुलं हवीत. आणि केक ठेवायला गोल टेबल तुम्हीच आणायचं. हॉलवरची टेबलं डुगडुगतात. मला डुगडुगलेलं चालत नाही," बाई म्हणाल्या.

बायकोने फोन ठेवला आणि तिथल्या तिथे खाली बसली. एवढा मोठा केक तिने कधी केला नव्हता. त्यात हॉलच्या मॅनेजरने तिला आधीच सांगून ठेवलं होतं, "वहिनी, हा एक केक नीट पोचवा, नीट उभा करा. मग आमच्याकडच्या सगळ्या कार्यक्रमांचे केक तुमचेच." ती रात्रभर कुशीवरून कुशीवर वळत होती आणि मधेच उठून कागदावर केक काढत होती. झाकणराव डोळे मिटून पडले होते, पण जागे होते. सकाळी उठल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं, "मी टपावर कॅरिअर बसवतो."

ते अचानक वाटलं तरी त्यात हिशेब होता. त्यांची व्हॅन कारखान्यानेच मोडीत काढलेली. पुढे दोन सीटा, मागे नुसती पोकळी, आणि मागच्या बाजूला वर उघडणारं एकच दार. मागे केक राहणार, केकच्या मागे दाराला टेकून, बुटक्या स्टुलावर बसून, केक धरायला सासूबाई राहणार. मग टेबल कुठे जाणार? टपावर. आणि खरं सांगायचं तर त्या कॅरिअरमध्ये झाकणरावांनी आपलं ते अडकलेलं वाक्य बसवायचं ठरवलं होतं. तोंडाने जमत नाही ना, मग ड्रिलने सांगू.

"अहो, दुकानातून बसवून घ्या ना," बायको म्हणाली.

"दुकानदार भोकं पाडणार आणि मोकळा होणार. उद्या गळायला लागलं तर?"

"सगळ्यांच्या गाड्या गळतात का?"

"सगळ्यांच्या गाडीत साखरेची फुलं असतात का?" झाकणराव म्हणाले. आणि ते खरंच होतं. साखरेच्या फुलावर पाण्याचा एक थेंब पडला की त्याचा रंग ओघळतो आणि पाकळी मान टाकते. त्यात कार्यक्रमाच्या दिवशी पावसाचा अंदाज होता.

सुट्टीच्या दिवशी झाकणरावांनी टपावर खुणा केल्या, देवाचं नाव घेतलं आणि ड्रिल चालवलं. आवाज ऐकून बायको बाहेर आली. गाडीत वरून खाली उजेडाचे बारीक कवडसे पडलेले बघून तिने कपाळावर हात मारला.

"चांगल्या टपाला भोकं पाडलीत!"

"पाडली, तशी बुजवतो."

"मग पाडलीत कशाला?"

या प्रश्नाला उत्तर असतं, पण ते नवऱ्याने बायकोला द्यायचं नसतं. झाकणरावांनी भोकांच्या कडा घासल्या, पुसल्या, गंज चढू नये म्हणून रंगाचा हात दिला. मग कॅरिअरच्या पायांखाली रबराच्या चकत्या घातल्या, सीलंट भरलं, बोल्ट आवळले आणि कडेने पुन्हा सीलंट फिरवलं. ते सीलंटही साधंसुधं नव्हतं. गाड्यांच्या पुढच्या काचा बसवायला जे वापरतात, ते लवकर धरणारं आणि मग जन्मात न सोडणारं. नळी हातात घेऊन ते सासूबाईंना म्हणाले, "आई, हे एकदा धरलं ना, की धरलं."

"तुमच्यासारखंच की," सासूबाई म्हणाल्या.

सीलंट सुकल्यावर चाचणी झाली, आणि तीही कारखान्याच्या पद्धतीने. व्हॅनच्या आत खाली सगळीकडे टिपकागद अंथरला गेला. आत निरीक्षक म्हणून सासूबाई, कारण बायको फुलं करत होती आणि मास्तरांचं मनगट दुखत होतं. सासूबाई स्टुलावर बसल्या, खबरदारी म्हणून छत्री उघडली आणि म्हणाल्या, "सोडा पाणी!"

झाकणरावांनी बागेच्या नळीने टपावर पाण्याचा मारा सुरू केला. थोड्या वेळाने ते ओरडले, "गळतंय का, आई?"

"अं?"

"गळतंय का?"

"छत्रीत कसं कळणार? थांबा, मिटते." मग जरा वेळाने किंकाळीच आली. "गळतंय! डावीकडे गळतंय!"

झाकणरावांचं तोंड उतरलं. आयुष्यात त्यांच्या हातची बाटली गळली नव्हती. त्यांनी डावीकडचे दोन्ही पाय सोडले, जुनं सीलंट खरवडून काढलं, नव्याने भरलं, पुन्हा आवळलं. त्यात अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी सोडलं.

"डावीकडेच गळतंय!" आतून निकाल आला.

"शक्यच नाही!"

"माझ्या डोक्यावर पडतंय, आणि शक्य नाही म्हणे!"

झाकणराव चिडून दार उघडून आत डोकावले, आणि त्यांच्या लक्षात आलं की सासूबाई मागच्या दाराकडे तोंड करून बसल्या आहेत. त्यांची डावी ती गाडीची उजवी होती.

"आई, गाडीची डावी सांगायची!"

"गाडीला कुठे हात आहेत? मी माझ्या हाताने सांगितलं," सासूबाई म्हणाल्या. झाकणरावांनी हात टेकले आणि उजवीकडचे पाय सोडायला घेतले. तिथे एका चकतीखाली धातूचा बारीक कीस राहिला होता, म्हणून ती नीट बसली नव्हती. तो निघाला, सीलंट पुन्हा भरलं, बोल्ट आवळले गेले. तिसऱ्या चाचणीला तर त्यांनी बादल्या ओतल्या. टिपकागद कोराच्या कोरा! सासूबाई आत बसून डुलक्या घेत होत्या. झाकणरावांनी तो कोरा कागद घडी करून बायकोला नेऊन दाखवला. ती हाताला पीठ लागलेलं असताना हसली आणि म्हणाली, "छान झालं हं." तेव्हा ते वाक्य पुन्हा एकदा ओठांपर्यंत आलं. "दूध उतू जातंय बघ," असं काहीतरी बोलून ते बाहेर निघून गेले.

कार्यक्रमाचा दिवस उजाडला तोच ढगांतून. केक मात्र असा झाला होता की मास्तरही हात मागे बांधून बघत उभे राहिले. पांढरेशुभ्र तीन मजले, आणि वरपासून खालपर्यंत उतरत आलेले साखरेचे गुलाब, टवटवीत. टेबल ताडपत्रीत गुंडाळून टपावर बांधलं गेलं. केक मागच्या दाराने आत सरकवला, तो थेट सीटांच्या पाठीला जाऊन टेकला. त्याच्या मागे स्टूल, स्टुलावर सासूबाई. आणि तेवढ्यात पाऊस भुरभुरायला लागला. झाकणराव दार ओढणार, तो त्यांना दिसलं की दाराच्या वरच्या रबरापाशी एक थेंब लोंबतोय. टप आतून कोरडा होता, पण दाराचं रबर म्हातारं होऊन आक्रसलं होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे तो थेंब मोठा होत होत गुलाबावर पडला.

उपाय त्यांना ठाऊक होता. रबराच्या कडेने सीलंटची रेघ ओढायची आणि दाराच्या पत्र्याला साबण चोळायचा, म्हणजे सीलंट रबराला धरतं, पत्र्याला चिकटत नाही आणि दार खुशाल उघडतं. ते धावत घरात गेले, सीलंटची नळी घेतली, न्हाणीतला साबण शर्टाच्या खिशात टाकला, आणि येऊन सराईत हाताने दाराच्या चारही बाजूंनी रेघ ओढली. काय सुंदर रेघ होती! मग ते साबणासाठी खिशाकडे हात नेणार, एवढ्यात एकदम दोन आवाज आले.

"अहो, उशीर होतोय! त्या मुख्याध्यापिका आहेत!" ही बायको पुढून.

"जावईबापू, दार लावा, माशी आली! केकवर बसतेय!" या सासूबाई आतून.

झाकणरावांनी दार लावलं आणि सवयीने दोन्ही हातांनी दाबलंही.

वाटेत पाऊस असा कोसळला की पुढची गाडी दिसेना. रस्त्याला तळं झालेलं, सिग्नल बंद पडलेले, गाड्यांची रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. टपावर पाण्याचा ताशा वाजत होता. बायको मुठी आवळून बसली होती. "आई, गळतंय का?" ती दर वळणाला विचारत होती.

"टिपूस नाही!" मागून उत्तर यायचं. "एवढा पाऊस, आणि आत नुसता खडखडीत उन्हाळा. शाब्बास हो जावईबापू!"

झाकणरावांची छाती फुगली. लग्न झाल्यापासून सासूबाईंनी त्यांना शाब्बास म्हटलं नव्हतं.

हॉलच्या पोर्चमध्ये मुख्याध्यापिकाबाई घड्याळ बघत उभ्याच होत्या. शेजारी मॅनेजर. पोर्चच्या पत्र्याच्या कडेने पाण्याची धार लागली होती, आणि व्हॅनचा मागचा भाग नेमका त्या धारेखाली आला. झाकणराव उतरले, मागे गेले, मूठ फिरवली आणि दार ओढलं. दार हललं नाही. त्यांनी पुन्हा ओढलं. मग पाय बंपरला लावून ओढलं. मग त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला, आणि खिशातून पांढरा फेस ओघळताना दिसला. साबण होता तिथेच होता. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते झाकणरावांना भर पावसात कळलं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"दार..."

"दार काय?"

"बंद आहे."

"मग उघडा ना!"

"बंद म्हणजे," झाकणराव कसंबसं म्हणाले, "बंद."

मग धावपळ झाली. मॅनेजरने स्क्रूड्रायव्हर आणला, तो वाकला. कुणीतरी ब्लेड आणलं, ते मोडलं. दोन धट्टेकट्टे पाहुणे मुठीला लोंबकळले, मूठ हातात आली. एकजण म्हणाला, काच फोडा. त्याच्याकडे बायकोने असं काही पाहिलं की तो आत पंख्याखाली जाऊन बसला. झाकणराव भिजत भिजत कडेने बोट फिरवत होते. कुठे फट नाही, बुडबुडा नाही, एकसारखं! त्यांच्या तोंडून नकळत निघून गेलं, "काय धरलंय!" आणि मग बायकोचा चेहरा दिसला आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या केकसाठी हे सगळं केलं, तो त्यांनीच बाटलीत भरून ठेवला होता.

"पुढून काढा की," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या.

"केक सीटांमधून निघणार नाही," बायको अगदी बारीक आवाजात म्हणाली. "फार रुंद आहे."

"आणि माझं काय?" आतून सासूबाईंचा आवाज आला. केकच्या वरच्या मजल्यामागून त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. "माझ्यापुढे केक, मागे दार! जावईबापू, मलाही सील केलंत!"

मुख्याध्यापिकाबाईंनी श्वास ओढला. शाळेत असा श्वास ऐकला की पोरं आपोआप उभी राहत असतील. "हे बघा," त्या म्हणाल्या, "आत एवढे पाहुणे बसलेत. मी काय सांगू त्यांना? केक गाडीत आहे, या आणि काचेतून बघा?"

बायकोच्या डोळ्यांत पाणी तरारलं. मॅनेजर छताकडे बघायला लागला. तेवढ्यात आतून, दोन नातींच्या खांद्यांवर हात ठेवून, उत्सवमूर्ती आजी बाहेर आल्या. मागे काठी टेकत आजोबा.

"कुठाय माझा केक?" आजींनी विचारलं.

 झाकणरावच पुढे झाले. "आजी, चूक माझी आहे. पाणी जाऊ नये म्हणून दार बंद केलं, ते जास्तच बंद झालं. हिचा यात काही दोष नाही. केक हिने अप्रतिम केलाय. तुम्ही तो बघायला हवा."

आजींनी पुढच्या दारातून आत डोकावून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "केवढे गुलाब!" मग सीटकडे पाहिलं. "सीट मऊ आहे का रे?"

"मऊ आहे, आजी."

"मग मी इथेच बसते. सकाळपासून त्या लाकडी सिंहासनावर बसवून फोटो काढतायत, कंबरेचा काटा ढिला झाला माझा."

"आई!" मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "गाडीत बसून केक कापणार? लोक काय म्हणतील?"

"लोक केक मागतील," आजी म्हणाल्या आणि बसल्यासुद्धा. आजोबा गाडीला वळसा घालून आले, चालकाच्या सीटवर चढले आणि स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. "बोला," ते म्हणाले, "कुठे जायचं?"

"लांब," आजी म्हणाल्या. "आणि ती दारं ओढून घ्या, शिंतोडे येतायत."

दारं लागली. बाहेर सगळे छत्र्या घेऊन उभे, आत दोघं म्हातारी. गाडी इतकी घट्ट बंद होती की थोड्याच वेळात काचा धुकटल्या. आजोबांची मान आजींकडे वळलेली तेवढी दिसत होती, आणि ओठ हलताना. ते काय बोलत होते ते बाहेर एका अक्षरानेही ऐकू आलं नाही. मुख्याध्यापिकाबाई दोनदा काचेवर टकटक करायला गेल्या आणि दोनदा हात मागे घेतला.

मग काच खाली आली. आजींचे डोळे ओले होते आणि तोंडभर हसू होतं. "सुरी द्या," त्या म्हणाल्या.

दोघांनी मागे वळून, सीटांच्या मधून, एकाच सुरीने वरच्या मजल्यावर पहिला काप दिला. पोर्चमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचं कापणं अर्थातच सासूबाईंकडे गेलं, कारण त्या जागेवरच होत्या. त्या आतून तुकडे करायच्या, आजींकडे द्यायच्या, आजी खिडकीतून बाहेर. आजोबा त्यांच्या खिडकीतून. दोन्हीकडे रांगा लागल्या.

"भरपूर खा रे बाबांनो!" आतून आवाज आला. "हा संपल्याशिवाय मला बाहेर यायला वाट नाही!"

हे कळल्यावर पाहुण्यांना चेव आला. ज्यांना गोड वर्ज्य होतं तेही "आजींसाठी नको, निदान त्या आतल्या बाईंसाठी" म्हणून दुसऱ्यांदा रांगेत आले. मॅनेजर आधी, गाडी पोर्च अडवतेय म्हणून कुरकुरत होता. त्याने एक तुकडा खाल्ला, गप्प झाला आणि तिसऱ्या खेपेला बायकोच्या कानाशी येऊन म्हणाला, "वहिनी, पुढचे कार्यक्रम तुमचेच. फक्त मिस्टरांना म्हणावं, दाराला हात लावू नका." मुख्याध्यापिकाबाईंनी केकची बशी हातात घेऊन कडक चेहऱ्याने सांगितलं, "लहानपणापासून आईबाबांना एवढा वेळ दोघंच बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं." आणि मग त्या चेहरा पुसायला आत गेल्या. शेवटी नुसती फळी उरली, आणि सासूबाई सीटांमधून रांगत, केसांत एक साखरेचा गुलाब घेऊन बाहेर आल्या, तेव्हा पुन्हा टाळ्या झाल्या. ज्याच्यासाठी एवढी भोकं पाडली ते गोल टेबल मात्र टपावर ताडपत्रीतच राहिलं. त्याची कुणाला आठवणही झाली नाही.

परत निघताना दोन सीटा आणि माणसं तीन. सासूबाई आपणहून पुन्हा मागे रांगत गेल्या. "सवय झालीय आता," म्हणाल्या. पाऊस चालूच होता. बायको दमून सीटला डोकं टेकून बसली होती. मधेच तिने विचारलं, "आई, ते आजोबा काय बोलत होते गं?"

"मी नाही ऐकलं," सासूबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांचं आपण ऐकू नये." मग थोडं थांबून, "म्हणजे ऐकलं सगळं. मी मागे आहे हे विसरूनच गेला होता म्हातारा. म्हणाला, सकाळपासून लोक माझं अभिनंदन करतायत, मी काय केलं? सगळं तू केलंस. हे तुला सांगायचं कधीपासून मनात होतं, रोज वाटायचं उद्या सांगू, आणि घरात रोज कुणी ना कुणी असायचं."

"मग आजी?"

"म्हणाल्या, नीट ऐकू आलं नाही, परत सांगा. चांगलं ऐकू आलं होतं हो त्यांना! त्याने परत सांगितलं."

 सिग्नल एव्हाना सुरू झाले होते; एक लाल लागला, झाकणरावांनी गाडी थांबवली. वायपर इकडून तिकडे जात होता. त्यांनी घसा खाकरला.

"अगं."

"काय हो?"

"कारखाना बंद होता ना, तेव्हा."

"त्याचं काय आता?"

"तू होतीस म्हणून निभावलं." एवढं बोलून त्यांना धाप लागल्यासारखं झालं, पण आता ते थांबेनात. "तुझे हात भाजायचे आणि मी नुसता बघत बसायचो. रोज सांगायचं होतं. फार उपकार आहेत तुझे माझ्यावर. आज पण माझ्यामुळे तुझं सगळं बुडणार होतं, आणि तू एक शब्द बोलली नाहीस."

 बायको खिडकीकडे तोंड करून बसली.

"जावईबापू!" मागून एकदम आवाज आला. "गळतंय!"

 झाकणरावांचा हात टपाकडे गेला, एका बोल्टावरून दुसऱ्या बोल्टावर फिरला. सगळं कोरडं ठणठणीत. "कुठे, आई? डावीकडे? तुमच्या डावीकडे की गाडीच्या?"

"पुढे बघा जरा. तुमच्या शेजारच्या सीटवर."

झाकणरावांनी वळून पाहिलं. बायको हाताच्या पाठीने डोळे पुसत होती, ते पुरेना म्हणून ओढणीने पुसत होती, आणि पुसता पुसता हसत होती. झाकणरावांचा हात रुमालासाठी खिशात गेला आणि उरलासुरला साबण घेऊन बाहेर आला.

"राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "तिथे काही लावू नका. ते तेवढं गळू दे."

सिग्नल हिरवा झाला होता. मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या, पण गाडीत ते कुणालाच ऐकू येत नव्हतं.